जित्या माणसांचे हार

रुपेशनं हार घातले हे खरं, पण सगळं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे भिंतीवर माणसाचा एवढा मोठा फोटो लागतो तो माणूस गेल्यावरच. मंचरच्या प्रितमशेठनं फ्रेमा करून देताना कुणी न सांगताच प्रत्येक फ्रेमच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक खिळे ठोकून दिले होते. हार अडकवायला. "लागतातच ओ," एवढंच म्हणाला होता. आता खिळे आहेत आणि त्यांच्यावर काही नाही, हे रुपेशच्या डोळ्यांना कसं पटावं? त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सुटी वायर दिसली की ती कुठंतरी जोडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

अर्थात हे सगळं नंतरचं. सकाळी विहारापुढच्या मंडपात, विहाराच्याच भिंतीवर, फोटो नुसतेच लागले होते, आणि रुपेश आणि त्याची भावजय कल्याणी मधल्या फोटोपुढं उभे राहून भांडत होते.

"वहिनी, बाबांना ठावं आहे का, त्यांचा फोटो हितं लावलाय ते?"

"नाही."

"ते बघतील आन उतरवून काखेत मारून घरी घेऊन जातील."

"आधी येऊ तर देत," कल्याणी म्हणाली. "आले तर फोटो काय, मंडप पण नेऊ देत."

फोटोत भागुजी कांद्याच्या वावरात उभे होते. टोपी मागं सरकलेली, एक हात कपाळावर आडवा धरलेला, दुसरा अर्धा वर उचललेला. तोंड जरासं उघडं. ते आभाळात काहीतरी शोधत होते. त्या चेहऱ्यावर जे काही होतं ते रुपेशनं स्वतःच्या बापाच्या तोंडावर समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तो भांडण अर्धवट सोडून उगाच माइकची वायर तपासायला गेला.

तीन वर्षांपूर्वी राजरत्ननं हवाई दलाची वर्दी उतरवली, तेव्हापासून या घरात दोन चुली नसल्या तरी दोन पंगती पडत होत्या. विंग कमांडर राजरत्न भागुजी. लडाखच्या बर्फात हेलिकॉप्टर उतरवून आजारी जवानांना खाली आणणारा. निरगुडसरच्या वस्तीतून वर गेलेला पहिला माणूस, आणि 'वर' याचा इथं अगदी सरळ अर्थ घ्यायचा. मुंबईची एक कंपनी त्याला पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं उडवायला बोलावत होती. तो गेला नाही. गळ्यात कॅमेरा अडकवून तो जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्या फिरायला लागला आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला लागला. 'फोटोवाला लग्नात असतो, त्याला जेवायला शेवटी बसवत्यात,' हे भागुजींचं त्यावरचं मत. मागच्या दिवाळीला भरल्या ताटावर हे बोलून झालं आणि त्यानंतर बाप लेकाशी बोलला तो फक्त 'गेट लाव' आणि 'मोटार चालू कर' एवढंच. रुपेश तेव्हा बापाच्या बाजूनं होता. मग एकदा भावाबरोबर डोंगरातल्या आहुप्याला गेला, आणि तिथून परत आला तो भावाचा होऊन. बापानं त्यालाही मग 'गेट लाव'वर आणून ठेवलं.

"दादा कुठं अडकला?" वायर गुंडाळत त्यानं विचारलं.

"आहुप्याची जीप घोडेगावच्या अलीकडं बंद पडली. फोटोतल्या ठमाबाईंना आणायला स्वतः गाडी घेऊन गेलेत," कल्याणी म्हणाली. "मी जरा चहाचं बघते. तुम्ही काही लागलं सवरलं तर बघा."

रुपेशनं बघितलं. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसाठी आणलेल्या हारांबरोबर झेंडूचे बरेच हार जास्तीचे आले होते. आणि खिळे तर होतेच.

*

झुंबरबाई जुन्नरकडून दोन एसट्या बदलून आणि मंचरपासून टमटममध्ये आदळत आल्या होत्या. भागुजींच्या थोरल्या बहीण. फोनवर कल्याणीनं सगळं नीट सांगितलं होतं: तुमच्या राजूनं काढलेले फोटो मांडायचेत, तुम्ही या, तुमचाही आहे. पण झुंबरबाईंचा फोन नातवाच्या हातात असतो आणि नातू आज्जीला गोष्टी अर्ध्याच सांगतो. 'निरगुडसरला जायचंय, कार्यक्रम आहे' एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं. कसला ते विचारायचं राहून गेलं, कारण एसटीची वेळ झाली होती.

मंडपाच्या दाराशी पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या. त्यात नवल नव्हतं. वस्तीत कार्यक्रम सुखाचा असो की दुःखाचा, बायका पांढऱ्या साडीतच येतात. पण आतली भिंत बघून झुंबरबाई थबकल्या. फोटोच फोटो, आणि प्रत्येकावर झेंडूचा हार. मधोमध त्यांचा भागू. त्याच्यावरचा हार सगळ्यांत मोठा होता, कारण बापाला कमी पडायला नको म्हणून रुपेशनं तो मुद्दाम निवडला होता.

"भागू रं!" झुंबरबाईंनी हातातली पिशवी टाकली. "माज्या पाठच्या भावा! मला न सांगता कसा गेला रं!"

आता, एका बाईनं असा गळा काढला की बाकीच्यांनी आधी साथ द्यायची आणि मग विचारायचं, ही आपल्याकडची रीत. दाराजवळच्या दोघीतिघींनी लगेच पदर डोळ्यांना लावले. त्या रडताना बघून आतल्याही रडायला लागल्या. एक तर सकाळीच भागुजींना मळ्याकडून येताना बघून आली होती, तरी रडली.

"आत्या! आत्या, अगं ऐक!" रुपेश माइक टाकून धावला.

"तू तरी फोन करायचा रं मुडद्या!" झुंबरबाईंनी त्याला एक रट्टा घातला आणि त्याच हातानं जवळ घेऊन परत हंबरडा फोडला. माइक चालूच होता.

*

विहारापासून भागुजींचं घर हाकेच्या अंतरावर. ते अंगणात बाजेवर बसले होते आणि त्यांच्या पत्नी द्रौपदाबाई पांढरी साडी नेसून, चपला घालून, पायरीवर अडून राहिल्या होत्या.

"उठा आता. पोरगं पहाटपासनं राबतंय."

"त्याला म्हनावं इमान घेऊन ये, तवा येतो."

"तुमाला पोरगं पायजे का इमान पायजे, ते एकदा ठरवा."

भागुजींनी मान फिरवली. "तुला न्हाई कळायचं. संपतरावाच्या आज्यानं माज्या बापाला चावडीच्या पायरीवर टेकू दिलं न्हाई. उन्हात उभा व्हता माझा बाप. त्याच गावाच्या डोक्यावरनं माझं पोरगं उडत व्हतं. सगळी मान वर करून बघायची. आन आता खाली उतरलंय. कुणाकुणाच्या दारात जाऊन म्हनतंय, आज्जे, जरा हसा."

"गावावरनं कवा उडलं त्ये?"

"उडत न्हवतं व्हय? भीमाशंकराकडं इमान गेलं की मी बघत न्हवतो?"

हेलिकॉप्टरचा आवाज आला की हा माणूस हातातला घास ताटात टाकून बाहेर पळायचा, हे द्रौपदाबाई वीस वर्षं बघत आल्या होत्या. दुसरीही एक गोष्ट त्या बघत आल्या होत्या, ती आज बोलून टाकली.

"आन अवेळी फोन वाजला की तुमी पानी प्यायला उठायचा. फोन घ्यायचा मीच. पोरगं खाली आलं त्या दिवसापासनं मला निवांत झोप लागती. तुमाला न्हाई लागत?"

भागुजी काही बोलणार होते. तेवढ्यात विहाराच्या कर्ण्यातून रडण्याचा आवाज आला.

नाव नीट ऐकू आलं नाही. नुसता हंबरडा आला, मागून बायकांचा गलका, आणि ओळखीचा गळा, झुंबरआक्काचा. राजू गाडी घेऊन घोडेगावच्या रस्त्यानं गेलाय हे भागुजींना माहीत होतं. बोलत नसले तरी तो कुठं जातो आणि कधी येतो हे त्यांना रोज माहीत असायचं. वीस वर्षं ज्या आवाजाची भीती पोटात बाळगली तो आवाज आता आला, असंच त्यांना वाटलं. ते बाजेवरून उठले ते अनवाणीच धावले. द्रौपदाबाई मागून "अवो, पडाल, पडाल" म्हणत धावल्या.

मंडपाच्या तोंडाशी भागुजींनी एका खांबाला धरलं. "माझा राजू," ते म्हणाले. "कुठाय माझा राजू?"

झुंबरबाईंनी वर पाहिलं. समोर भाऊ उभा. मागं भाऊ, हार घालून. त्यांचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"तू हायेस?" त्यांनी विचारलं.

"मला काय झालंय? राजूला काय झालं ते सांग!"

"राजूला? राजूचं कुनी नाव काढलं?" मग झुंबरबाईंना राग आला, आणि जिवंत भावावर येतो तसा आला. "आन तू जित्ता हायेस तर हार कशाला घालून घेतलास रं? माजा जीव गेला असता की आत्ता!"

कल्याणी चहाची किटली तशीच हातात घेऊन धावत आली. "बाबा, काही नाही झालं. हे येताहेत. गाडी बघा, ती आली."

*

राजरत्न ठमाबाईंचा हात धरून आत आला तेव्हा त्याला दिसलं ते असं: अर्ध्या बायका डोळे पुसत होत्या, अर्ध्या तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि त्यानं दोन वर्षं डोंगर तुडवून, उन्हापावसात थांबून मिळवलेला एकेक चेहरा झेंडूखाली झाकून गेला होता. त्याच्या मनात काय होतं ते एकट्या कल्याणीला नीट ठाऊक होतं. आहुप्यात एका घरी माणूस गेला तेव्हा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. घाबरलेला, डोळे अर्धवट मिटलेला, निम्मा काळा. पुढची सगळी वर्षं घरच्यांनी आपला माणूस असा बघायचा? तेव्हा त्यानं ठरवलं होतं की माणूस आहे तोवरच त्याचा खरा चेहरा त्याच्या हवाली करायचा. आणि आज सगळ्यांचाच दुखवटा होऊन बसला होता.

"रुपेश," तो म्हणाला. "काय केलंस हे?"

"दादा, मला वाटलं… लई मोकळं दिसत व्हतं रे."

राजरत्ननं हात वर करून पहिला हार ओढला. त्याच्या हातात एवढी ताकद होती की फ्रेमच खाली यायची. पण मधेच ठमाबाई पुढं झाल्या. आहुप्याच्या, दात कमी आणि आवाज जास्त. त्यांनी स्वतःचा फोटो शोधून काढला होता आणि कमरेवर हात ठेवून त्या त्याच्यापुढं उभ्या होत्या.

"अगं बया!" त्या म्हणाल्या. "माज्या दहाव्याला मीच आले व्हय!"

झुंबरबाई पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, तशाच हसल्या, आणि मग सगळा मंडप हसला.

"हसायला काय झालं?" ठमाबाईंनी दटावलं. "माझी आय गेली, तिला हार घातला, तिला त्याचा वास आला का? मला येतोय. दे रं पोरा तो हिकडं." त्यांनी आपल्याच फोटोवरचा हार काढायला लावला, गळ्यात घातला, आणि फोटोतल्या बाईकडे असं बघितलं, जणू, 'आता तू बघत बस.'

मग कुणाला सांगावंच लागलं नाही. म्हातारी माणसं आपापल्या फोटोशी गेली. कुणाला नातवानं हार काढून दिला, कुणाला सुनेनं. झुंबरबाईंना आपलाही फोटो भिंतीवर आहे हे तेव्हा कळलं, आणि तो चांगला आलाय असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. झेंडू उतरला तसे खालून चेहरे निघाले. हसणारे, वाकडं बघणारे, तोंडात तंबाखू असलेले, पण सगळे जिवंत.

या गडबडीत एक माणूस मंडपाबाहेर चपला काढत होता. वरच्या आळीचे संपतराव. विहाराच्या मंडपात ते आयुष्यात कधी आले नव्हते. मिरवणूक रस्त्यानं जाताना लांबून हात जोडायचे, तेवढंच. ते आत आले, कुणाकडं बघावं ते न कळून भागुजींपाशीच येऊन थांबले.

"जयभीम, भागुजी," ते म्हणाले. "माझा कुठं लावलाय?"

भागुजींनी बोट दाखवलं. संपतरावांचा फोटो त्यांच्याच फोटोशेजारी होता. संपतराव त्याच्या अगदी जवळ सरकले. गोठ्यात बसून आंधळ्या म्हशीला हातानं भरवतानाचा फोटो होता तो.

"माझ्या घरच्यांनी मला असं कधी पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या पोरानं कवा पाह्यलं कुनास ठाऊक." आणि खुर्ची आणायला निघालेल्या रुपेशला थांबवून ते बायकांच्या मागं, सतरंजीवरच बसले.

संपतराव जिथं बसले तिकडं भागुजी बघत राहिले. मग ते आपल्या फोटोपुढं गेले. राजरत्न त्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. बोलायचं कसं हे दोघांनाही आठवत नव्हतं.

"मी काय बघतोय हितं?" शेवटी भागुजींनी विचारलं.

"हेलिकॉप्टर. कांदा काढणी चालू होती. तुम्ही हात केलात त्याला."

"तुलाच केला आसंल."

"बाबा," राजरत्न म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही ज्यांना हात केलात, त्यातल्या एकातही मी नव्हतो. मी लडाखला होतो. आपल्या गावावरून मी एकदाही उडालो नाही. पण या फोटोच्या दिवशी मी होतो. बांधावर, तुमच्या शेजारी. मी कधीच खाली आलो होतो, तरी तुम्ही मला वरच शोधत होतात."

भागुजी फोटोच्या आणखी जवळ गेले.

"मंग हाक का न्हाई मारली?"

"फोटो काढत होतो."

द्रौपदाबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "बरूबर बापावर गेलाय," त्या म्हणाल्या. "शेजारी हुभं राहील, पन बोलनार न्हाई."

"वरून काय दिसायचं रं?" भागुजींनी विचारलं. त्याच्या उडण्याबद्दल त्यांनी लेकाला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"छपरं दिसायची, बाबा. माणसं नाही दिसायची. एकदा एका जवानाला खाली आणला, बोटं गेली होती त्याची थंडीनं. म्हणाला, साहेब, माझा एक फोटो काढा, हसतानाचा, आईला पाठवा. तो काढला, आणि त्यानंतर मला वर करमेनाच."

भागुजींनी मंडपभर नजर फिरवली. सतरंजीवर संपतराव. त्यांच्या पुढं हार घातलेल्या ठमाबाई, त्यांच्याकडंच तंबाखू मागत होत्या. वस्तीतली पोरं प्रत्येकाला त्याचा फोटो दाखवत फिरत होती. सगळं गाव मान वर करून बघत होतं. आभाळात नाही, भिंतीवर. आणि भिंत त्यांच्या विहाराची होती. भागुजींना आपला बाप आठवला आणि आज तो इथं असता तर त्याला कुठं बसवलं असतं ते त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

त्यांनी हात वर केला. आपल्या फोटोवरचा तो सगळ्यांत मोठा हार त्यांनी स्वतःच काढला. झुंबरबाईंना वाटलं भाऊ गळ्यात घालून घेणार. पण ते वळले, आणि त्यांच्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या लेकाला म्हणाले, "वाक जरा."

राजरत्न वाकला. वर्दीतल्या कुठल्या साहेबापुढं तो एवढा वाकला नसेल. हार गळ्यात पडला तेव्हा त्याला रडू आलं, सगळ्यांदेखत आलं, आणि कल्याणीही किटली खाली ठेवून रडली.

"माझा लेक फोटो काढतो," भागुजी मंडपाला म्हणाले. माइक अजून चालूच होता, त्यामुळं ते पार चावडीपर्यंत ऐकू गेलं. मग जरा थांबून त्यांनी भर घातली, "आदी इमान चालवायचा. पन हे जास्ती अवघड हाय."

"बाबा, आता तुमच्या दोघांचा एक होऊन जाऊ द्या," रुपेशनं भावाच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "दादा, कुठलं बटन?"

"वरचं. आणि हलू नकोस."

बाप लेक शेजारी उभे राहिले. रुपेशनं डोळा लावला. आणि नेमकं तेव्हाच पश्चिमेकडून आवाज सुरू झाला, लांबून, मग जवळ येत, भीमाशंकराकडून येणाऱ्या कुणा मोठ्या माणसाचं हेलिकॉप्टर मंडपावर घोंघावत आलं. सगळ्यांच्या माना सवयीनं वर गेल्या. द्रौपदाबाईंच्याही. राजरत्नची सुद्धा जात होती.

"हिकडं बघ," भागुजींनी त्याच्या दंडाला धरलं. "त्यात कुनी न्हाई आपलं."

रुपेशनं काढलेला फोटो जरा वाकडाच आला. एका कोपऱ्यात त्याचं स्वतःचं बोट आलंय. पण तो आज भागुजींच्या घरात राजरत्नच्या वर्दीतल्या फोटोच्या शेजारी लावलेला आहे. मंडपातला प्रत्येक माणूस त्यात आभाळाकडे बघतोय. फक्त मधले दोघं समोर बघताहेत, आणि त्या फ्रेमचे वरचे दोन्ही खिळे भागुजींनी स्वतःच्या हातानं उपटून टाकलेत.